कसबाबाहेर ठेवलेली सुरक्षितता

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमध्ये, फिटर ट्रेडचा अभ्यासक्रम सुरक्षिततेपासून सुरू होतो. धोक्याच्या खुणा ओळखणे, प्रथमोपचार, विजेचा धक्का बसल्यावर काय करायचे, कोणत्या आगीला कोणते अग्निशामक वापरायचे, तेलकट चिंध्या आणि लोखंडाचा किस कुठे टाकायचा, हे सगळे पहिल्याच प्रकरणात येते. मग शेगड्यात लोखंडाचा तुकडा पकडला जातो, हातात कानस येते आणि आता खरे शिक्षण सुरू झाले असे विद्यार्थी आणि निदेशक दोघेही धरून चालतात. सुरक्षितता पहिल्या पानावर आहे म्हणजे तिला मानाचे स्थान आहे, असे वरवर वाटते. माझे म्हणणे उलटे आहे. पहिल्या पानावर वेगळी बसवल्यामुळेच ती कामाच्या बाहेर राहते. हे बाहेर राहणे आयटीआयने जन्माला घातलेले नाही. मुंबईत पहिली कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून आपल्याकडे यंत्रावरचे कसब एका वाटेने आणि यंत्रापासूनचा बचाव दुसऱ्या वाटेने शिकवला गेला. या दोन वाटा का फुटल्या हे नीट पाहिले नाही, तर प्रशिक्षण सुधारण्याचे सगळे प्रयत्न भिंतीवर आणखी एक पोस्टर लावण्यापाशी थांबतात.

वाफेच्या आधीच्या कारागिरीत धोका नव्हता असे कोणी म्हणणार नाही. लोहाराच्या पोराचे हात भाजत, सुताराचा वाकस पायावर घसरे. पण त्या कामात हत्याराची गती कारागिराच्या अंगातून येई. कातारी दोरी ओढून लाकूड फिरवी. दोरी थांबली की लाकूड थांबे. भाता ओढणारा दमला की भट्टी मंदावे. चूक आणि इजा यांच्या मध्ये त्यामुळे थोडा अवकाश उरे, आणि तेवढ्यात हात मागे घेता येई. शिवाय शिकवणारा बहुधा बाप किंवा काका असे, आणि शिकणाऱ्याचे बोट त्याच्या घरातलेच असे. वाकस चालवताना पाय कुठे ठेवायचा, ऐरणीपुढे कोणत्या अंगाने उभे राहायचे, तापलेले लोखंड सांडशीत कसे धरायचे, हे सारे कामाचा भाग म्हणून अंगवळणी पडे. त्याला वेगळे नाव नव्हते. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जातीने विद्या कोंडून ठेवली होती, पोराला दुसरा धंदा निवडण्याची मुभा नव्हती आणि कोणाचा हात गेला याची नोंद कोणी ठेवत नव्हते. आपल्या विषयापुरती तिच्यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे: काम आणि बचाव हा एकच धडा होता.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत गिरणगाव उभे राहिले. गिरणीत एका वाफेच्या इंजिनावर छताजवळून जाणारा लांब पोलादी दांडा फिरे आणि त्यावरून उतरलेले पट्टे खालची यंत्रे चालवत. कामगार थांबला म्हणून आता काही थांबत नव्हते. पट्ट्यात धोतराचा सोगा गेला तर माणूस ओढला जाई, आणि इंजिन दुसऱ्याच खोलीत असे. यंत्राची गती माणसाच्या हातून निसटली, हा खरा बदल होता. आणि नेमक्या याच वेळी शिकवणाऱ्याचाही बदल झाला. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला माणूस गाववाल्याच्या ओळखीने खात्यात शिरे, त्याच्या शेजारी उभा राहून बघे आणि जॉबरची मर्जी सांभाळी. भरती करणे, यंत्र नेमून देणे, खाडे मोजणे आणि काम शिकवून घेणे हे सगळे जॉबरच्या हातात होते. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने जॉबरच्या या सत्तेवर कडक टीका केली, पण ती मुख्यतः लाचेच्या आणि भरतीच्या अंगाने. जॉबर शिकवतो काय, हा प्रश्न मागेच राहिला. जॉबरची किंमत त्याच्या खात्यातल्या उत्पादनावर ठरे. विणकराला मजुरी कापडाच्या मापाने मिळे. साचा, म्हणजे माग, बंद ठेवून साफ करणारा माणूस दोघांनाही परवडत नव्हता. मग चालत्या यंत्रातली रुई झटकन काढणे, फिरत्या चाकाला तेल घालणे, पट्टा हाताने सरकवणे, ही सगळी हुशारीची कामे ठरली. नव्या माणसाने ती जमवली की तो तयार झाला असे म्हणत. धोकादायक सवय अशी कसबाच्या पोटात शिरली, आणि शिकणाऱ्याला ती सवय आहे हे कळायलाही मार्ग उरला नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे धोटा. साच्यावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा हा लाकडी नावेसारखा तुकडा. त्यातली बाबीन संपली की विणकर नवी बसवी, आणि तिचा धागा धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर यावा म्हणून भोकाला ओठ लावून श्वास आत ओढी. धागा झटक्यात बाहेर येई. त्याबरोबर रुईची धूळ, सुताला लावलेली खळ आणि त्या धोट्यावर आधी काम केलेल्या माणसाची थुंकीही तोंडात जाई. क्षयाच्या त्या काळात ही गोष्ट किती घातक होती हे सांगायला नको. पण मुंबईत या थुंकीचा बोभाटा झाला तो आरोग्यासाठी नव्हे. उष्टा धागा तोंडात घ्यावा लागतो, म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचा खात्यात येऊच दिले नाही. विणाईत पगार जास्त होता. त्या जास्त पगारापासून एक अख्खा समाज या कारणावरून दूर ठेवला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस हा अन्याय सरकारपुढे आणि गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांपुढेही ठासून मांडला. हाताने ओवता येईल असा धोटा तेव्हा जगाला माहीत होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायच्या धोट्यावर १९११ मध्येच बंदी घातली होती. म्हणजे एका लाकडी तुकड्याची घडण बदलली असती तर रोगाची वाटही बंद झाली असती आणि बहिष्काराचे निमित्तही गेले असते. तसे झाले नाही, कारण तोंडाने धागा ओढणे हे विणकराच्या हातोटीचा भाग समजले जाई. हातोटीत लपलेला धोका बाहेरच्या माणसाला दिसत नाही, आणि आतल्याला तो धोका वाटत नाही.

कायदा आला तो या हातोटीच्या बाहेरून. १८७५ साली मुंबईत पहिला कारखाना आयोग नेमला गेला आणि १८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. तो शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नये, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांहून जास्त राबवू नये, धोक्याच्या यंत्रांना कुंपण असावे आणि अपघाताची खबर द्यावी, एवढा त्याचा आवाका. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी जे मागणे मांडले त्यात रविवारच्या सुटीबरोबर आणखी एक कलम होते: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अपंग झाल्यास त्याची तजवीज व्हावी. रविवार १८९० मध्ये मिळाला. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडले. त्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अवयवांचा तक्ता होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरायचे, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, करंगळी गेली तर ७. हा तक्ता आवश्यक होता आणि आहे. त्याच्याशिवाय कामगाराच्या हाती काहीच पडले नसते. पण धोक्याकडे पाहण्याची कायद्याची नजर त्यातून दिसते. बोट जाण्याच्या आधी कुंपण आणि बोट गेल्यावर तक्ता. मधल्या जागेत, म्हणजे हात यंत्राकडे जातो त्या क्षणी काय शिकवलेले असते तिथे, बराच काळ कायदा पोचला नाही.

शाळा तिथे पोचू शकली असती. १८८७ साली भायखळ्याला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, जी १९२३ मध्ये माटुंग्याला गेली. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या नेतृत्वाखाली १८९० मध्ये कलाभवन निघाले. या संस्थांनी पश्चिम भारताच्या उद्योगाला मोठे बळ दिले, यात वाद नाही. पण मुंबईच्या संस्थेतून बाहेर पडणारा तरुण गिरणीत मास्तर किंवा त्याचा मदतनीस व्हायचा. यंत्र कसे चालते, कुठे ताण येतो, पट्टा का सुटतो, याचे पुस्तकी ज्ञान देखरेख करणाऱ्याकडे गेले, आणि ज्याचा हात प्रत्यक्ष यंत्रात होता तो जॉबरच्या हाताखालीच शिकत राहिला. ज्ञान आणि हात यांची अशी फारकत झाली की अपघात झाल्यावर मास्तरला कामगाराचा निष्काळजीपणा दिसे आणि कामगाराला नशीब. दोघांच्याही दृष्टीने तिथे शिकण्यासारखे काही उरत नसे.

हाताने काम करणाऱ्यासाठी सरकारी पातळीवर मोठ्या प्रमाणात तांत्रिक शिक्षण आले ते दुसऱ्या महायुद्धामुळे. दारूगोळ्याच्या कारखान्यांना आणि लष्कराला कारागीर हवे होते, म्हणून १९४० पासून घाईघाईने प्रशिक्षण केंद्रे निघाली. युद्धानंतर तीच यंत्रणा लष्करातून परतलेल्यांसाठी आणि फाळणीने उखडलेल्या लोकांसाठी वापरली गेली, आणि १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. आजच्या आयटीआय त्या योजनेतून आल्या. महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय संस्था आहेत. दरम्यान १९४८चा कारखाना कायदा झाला होता, आणि त्याचे २३ वे कलम मला या सगळ्या इतिहासातले सर्वात शहाणे वाटते. अल्पवयीन मुलाला धोक्याच्या यंत्रावर लावायचे तर त्याला त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची खबरदारी पूर्णपणे समजावलेली असली पाहिजे, आणि शिवाय त्याने त्या यंत्रावरचे पुरेसे प्रशिक्षण घेतलेले असावे किंवा जाणकाराच्या देखरेखीखाली तो काम करीत असावा, असे ते कलम म्हणे. अशा यंत्रांत पॉवर प्रेस, मिलिंग मशीन, गोल करवत ही यंत्रे येत. इथे पहिल्यांदा सांगणे आणि शिकवणे या दोन्ही गोष्टी एकाच यंत्राशी बांधल्या गेल्या. सरसकट सुरक्षिततेचे व्याख्यान पुरेसे नाही. हे यंत्र, त्याचा हा धोका, आणि त्यावरचा हा सराव.

पण हे कलम शाळेच्या दारात थांबले. आयटीआयला चौदा वर्षांपासून प्रवेश मिळतो, म्हणजे कलम २३ ज्या वयाची काळजी करी त्याच वयाची मुले तिथे मिलिंग मशीनपुढे उभी असतात. शाळेची कार्यशाळा मात्र कारखान्याच्या व्याख्येत सहजासहजी बसत नाही, कारण तिथे विकायला किंवा वापरायला काही बनत नाही. घासलेला जॉब तपासून बाजूला पडतो. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातल्या उमेदवाराची सोय केली. उमेदवार हा कामगार नव्हे असे त्याचे १८ वे कलम सांगते, तरी १४ व्या कलमाने कारखाना कायद्यातली आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाची प्रकरणे त्याला कामगाराप्रमाणेच लागू केली, आणि १६ व्या कलमाने इजेची भरपाईही दिली. त्यामुळे विचित्र परिस्थिती तयार झाली. तोच मुलगा त्याच जातीच्या यंत्रावर कारखान्यात उमेदवारी करतो तेव्हा कायद्याचे कलम त्याच्या पाठीशी असते; त्याच्या आधी, जेव्हा त्याचा हात सर्वात कच्चा असतो, तेव्हा तो निदेशकाच्या चांगुलपणावर आणि संस्थेच्या सामानावर विसंबून असतो. कारखाना तपासणारे अधिकारी एका संचालनालयाचे, आयटीआय चालवणारे दुसऱ्या संचालनालयाचे. एकाच मुलाच्या सुरक्षिततेची या दोन ठिकाणी नीट गाठ पडत नाही.

आयटीआय आकार घेत होत्या त्याच सुमाराला सुरक्षिततेचा जो विचार जगभर पसरला होता, त्यानेही नुकसान केले असे माझे स्पष्ट मत आहे. एच. डब्ल्यू. हाइनरिक या अमेरिकी विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित वागण्यामुळे होतात असे मांडले. त्याचा आधार होता अपघातानंतर मालकांच्या बाजूने भरलेले अहवाल. त्या अहवालांत दोष कोणाचा लिहिला जाणार हे वेगळे सांगायला नको. तरीही हा आकडा दशकानुदशके फिरला आणि सुरक्षिततेचे शिक्षण म्हणजे माणसाला सावध करणे, अशी समजूत पक्की झाली. कार्यशाळांच्या भिंतींवरच्या सावधगिरीच्या घोषणा त्याच घराण्यातल्या. शिकणाऱ्याला त्या सांगतात की चूक तुझी असेल. कोणत्या हालचालीत काय होईल आणि म्हणून हालचाल कशी हवी, हे त्या सांगत नाहीत.

याला पर्याय त्याच काळात उपलब्ध होता, म्हणून खंत अधिक वाटते. महायुद्धात अमेरिकेत कारखान्यातल्या कारखान्यात झटपट शिकवण्याची एक पद्धत तयार झाली आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने ती आपल्याकडेही आली. त्या पद्धतीत प्रत्येक कामाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यापुढे कळीच्या गोष्टी लिहायच्या असतात, आणि कळीची गोष्ट ओळखायची ती तीन प्रश्नांनी: इथे काम बिघडते का, इथे माणसाला इजा होते का, इथे काही खुबी वापरली तर काम सोपे होते का. इजा आणि खुबी एकाच कागदावर, एकाच टप्प्यापुढे. लोहाराच्या घरात जो धडा न बोलता दिला जाई, तोच इथे लिहून काढलेला होता. ही पद्धत मुख्यतः कारखान्यांतल्या पर्यवेक्षकांपर्यंत गेली. आयटीआयच्या जॉबच्या आराखड्यात तिने घर केले नाही.

अशा धड्याचा फरक प्रत्यक्षात काय पडतो ते फिटरच्या टेबलावर पाहावे. कानशीला मूठ नसेल तर तिची मागची टोकदार शेपटी तळहातात घुसते. छिन्नीच्या डोक्यावर हातोडा बसून बसून कडा बाहेर वळतात आणि छत्रीसारखे टोपण तयार होते. ते घासून काढले नाही तर पुढच्या एखाद्या घावाला त्याची कपची उडून डोळ्यात जाते. या दोन्ही गोष्टी पहिल्या प्रकरणात वाचून विसरल्या जातात. पण छिन्नीचे डोके घासल्याशिवाय काम सुरूच करायचे नाही, आणि ते घासणे हाच जॉबचा पहिला टप्पा आहे, असे असेल तर ते कारागिरीत जमा होते. हातमोज्याची गोष्ट आणखी स्पष्ट आहे. वैयक्तिक संरक्षक साधनांच्या यादीत हातमोजे असतात, आणि वेल्डिंगला ते हवेतच. पण लेथ किंवा ड्रिलिंग मशीनवर हातमोजा हाच धोका. फिरत्या ड्रिलने त्याचा एक धागा पकडला की बोटांसकट हात ओढला जातो. यादी पाठ केलेला मुलगा प्रामाणिकपणे हातमोजे घालून ड्रिलपुढे उभा राहील. चकमध्ये चावी विसरून लेथ सुरू केला तर ती चावी गोळीसारखी सुटते. त्यावरचा उपाय म्हणजे चावीवरचा हात ती चकमधून बाहेर येईपर्यंत सोडायचा नाही, ही सवय. ही सवय निदेशकाच्या हातातून मुलाच्या हातात जाते, आणि निदेशकाने एकदा जरी चावी तशीच ठेवून पाठ फिरवली तरी मोडते.

यावर काही आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. पहिला म्हणजे, प्रशिक्षणावर भर देणे ही मालकांची पळवाट आहे. यंत्राला गार्ड, प्रेसला दोन्ही हातांनी दाबायची बटणे, हवेला पंखे दिले की शिकवण्याचा भार कमी होतो. हे मला तत्त्वतः मान्य आहे. धोट्याच्या इतिहासाचा धडाही हाच की हजार विणकरांना समजावण्यापेक्षा धोटा बदलणे बरे. पण धोटा बदला असे म्हणायला तो धोका आहे हे आधी ओळखता यावे लागते. दोन बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवले की काम भरभर होते, हे भोसरीतल्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यात नव्या पोराला कोणी ना कोणी दाखवतेच. ते बटण कशासाठी होते हे ज्याच्या अंगात मुरले आहे तोच ती पट्टी काढायला सांगू शकेल. गार्ड आणि शिक्षण यांत निवड करायची नसते. न शिकलेल्या माणसाच्या हातून गार्ड टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. शाळेत कितीही शिकवा, छोट्या गाळ्यात गेल्यावर मुलाला तिथल्या रीतीनेच वागावे लागते, नाहीतर नोकरी जाते. १९८२च्या गिरणी संपानंतर विणाई भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेली आणि शिकणे पुन्हा शेजाऱ्याच्या हाताखाली गेले, ही वस्तुस्थिती आहे. १९४८चा कायदा विजेवर चालणाऱ्या कारखान्याला दहा माणसांपासून लागू होई. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या संहितेने ती मर्यादा वीसवर नेली. म्हणजे सर्वात लहान जागा कायद्याच्या आणखी दूर गेल्या. पण याच कारणाने शाळेची जबाबदारी वाढते. ज्या मुलाला पुढे कोणताही निरीक्षक भेटणार नाही, सुरक्षा अधिकारी दिसणार नाही, कारण तो मोठ्या कारखान्यातच नेमतात, त्याच्या आयुष्यात बचाव शिकण्याची आयटीआय ही एकुलती एक जागा आहे. तिथे जर सुरक्षितता नियम म्हणून शिकवली तर नियम न पाळणाऱ्या गाळ्यात ती गळून पडेल. कसब म्हणून शिकवली तर ती निदान हातात राहील. मूठ नसलेली कानस पाहिली की चांगल्या फिटरचा हात आपोआप मूठ शोधतो, मालक कोणीही असो.

आरोग्याचा भाग याहून अवघड आहे, आणि तिथे आपण आजही फार मागे आहोत. बोट कापले की रक्त दिसते. रुईची धूळ छातीत वर्षानुवर्षे साचते. गिरणी कामगारांना होणाऱ्या बिसिनोसिस या रोगाची सुरुवातीची खूण म्हणजे सुटीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती भरून येणे; आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत ते कमी होते, म्हणून माणूस त्याकडे दुर्लक्ष करतो. वेल्डिंगच्या ट्रेडला असेच होते. काच न लावता ठिणगीकडे पाहिले की काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. सकाळी बरे वाटते आणि विषय संपतो. धुराचे तर तेवढेही कळत नाही. इथे हातोटीतून शिकवणे पुरत नाही, कारण हाताला धूर जाणवत नाही. इथे मोजणे शिकवावे लागते: आवाज किती, हवा कुठून येते आणि कुठे जाते, एका पाळीत किती इलेक्ट्रोड जळले. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था १९६० च्या दशकापासून अशा मोजमापाचे काम करते आहे. शिकणाऱ्या मुलाने आपल्या कार्यशाळेची हवा एकदा स्वतः मोजली तर पुस्तकातल्या दहा पानांपेक्षा ते जास्त टिकेल, असे मला वाटते.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. सुरक्षा समितीत कामगारांचा सहभाग, जीवावर बेतणारा धोका दिसल्यास तो वर कळवण्याचा हक्क, आणि कलम १११ अ नुसार सुरक्षिततेचे प्रशिक्षण मागण्याचा हक्क, या गोष्टी तेव्हा आल्या. कामगार इथे पहिल्यांदा सावध राहण्याची ताकीद ऐकणारा राहिला नाही. तो धोका ओळखणारा आणि सांगणारा ठरला. आयटीआयमध्ये मात्र हे हक्क आजही माहितीचा मजकूर म्हणून येतात. थोडक्यात वाचलेला प्रसंग, म्हणजे चावी सुटली पण कोणाला लागली नाही असा प्रसंग, नोंदवण्याची वही कार्यशाळेत असली आणि तिच्यात विद्यार्थ्यानेच लिहिले, तर त्या हक्काचा सराव तिथेच होईल. अट एकच, लिहिणाऱ्याला ओरडा बसता कामा नये.

सर्वात मोठा बदल मात्र परीक्षेत हवा. अंतर्गत मूल्यमापनात सुरक्षिततेच्या जाणिवेला वेगळे गुण देण्याची पद्धत आहे. कामाचा दर्जा, वेग, सामानाचा काटकसरीने वापर यांच्या शेजारी तो एक रकाना. हेतू चांगला आहे, पण रकाने बेरजेत जातात. एका रकान्यात गेलेले गुण दुसऱ्यात भरून निघतात, आणि मुलगा नेमके तेच शिकतो जे जॉबरच्या खात्यात शिकला असता: वेग असेल तर बाकीचे चालते. जॉबचे माप व्हर्निअरने घेतले जाते आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलेला जॉब नापास होतो, तिथे कोणी चांगल्या वागणुकीचे गुण मिळवून तो पास करत नाही. गार्ड काढून, चष्मा कपाळावर सरकवून, चालत्या लेथवरचा किस हाताने ओढून केलेला जॉब मापाला अचूक उतरला तरी तो याच न्यायाने परत करायला हवा. त्यासाठी निदेशकाने जॉब होत असताना पाहिला पाहिजे. झाल्यावर पाहून चालणार नाही. एका निदेशकामागे वीसच्या आसपास मुले आणि कित्येक मंजूर जागा रिकाम्या अशी स्थिती असेल तर हे जमणार नाही, आणि म्हणून सुरक्षा प्रशिक्षण सुधारण्याच्या कोणत्याही योजनेत चष्मे आणि फलक यांच्या खरेदीआधी निदेशकांच्या रिकाम्या जागांचा आकडा पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे.